नऊ ते साडेअकरा

विश्वेशने बिल झोपाळ्यावर अम्मापुढे ठेवलं आणि आकड्यावर बोट टेकवलं. नऊ हजार चारशे.

"हे तुझ्या फोनचं. मागल्या महिन्यापर्यंत कधी तीनशेच्या वर गेलं नव्हतं."

सुंदरीबाईंनी बिलाकडे पाहिलंही नाही. कॉफी टंबलरातून डवऱ्याच्या पसरट वाटीत दोनदा ओतून त्यांनी फेस आणला आणि लेकापुढे धरली.

"मधल्या वारी तंजावरला आलास. रजा मिळाली?"

"मिळाली की."

त्याने इस्त्रीच्या शर्टाची बाही उगाच सारखी केली. रजा द्यायला ऑफिसच उरलं नव्हतं. चेन्नईची ती कंपनी मागच्या एक तारखेला बंद झाली होती. हे त्याची बायको गायत्री सोडून कुणाला ठाऊक नव्हतं आणि अम्माला तर कळूच द्यायचं नव्हतं. वडिलांनी इथल्या कलेक्टर कचेरीत एकाच खुर्चीवर अडतीस वर्षं काढली. बिनकामाचा पुरुष या घराने पाहिलेला नव्हता. म्हणून नोकरी असताना करायचा तसाच तो अजूनही सकाळी नऊला शर्ट घालून अम्माला व्हिडिओ कॉल करी, 'निघालो अम्मा, येतो' म्हणे, आणि फोन फडताळात पालथा ठेवून नोकरीचे अर्ज लिहीत बसे. त्यात आता हे बिल.

"पॅक संपला की पुढचं सगळं सुट्या दराने लागतं," तो म्हणाला. "फोनच्या दुकानातल्या मुलीने तपशील काढून दिला. रोज नऊ ते साडेअकरा. काय बघतेस एवढं? सिनेमे?"

"सिनेमे बघायला डोळे कुठले राहिलेत?"

"मग?"

"बघत नाही. ऐकते."

गाणी ऐकत असणार, त्याने ठरवून टाकलं. पिशवीतून बटणांचा छोटा फोन काढून त्याने तिच्या हातात दिला.

"उद्यापासून हा. यात चेहरा दिसायचा नाही, आवाज तेवढा येईल."

"आवाज पुरे की," सुंदरीबाई म्हणाल्या आणि जुना फोन निमूटपणे त्याच्याकडे सरकवला.

त्याने सवयीने कॉलची यादी उघडली. सगळे त्याचेच कॉल होते. रोजचा एक, सकाळी नऊचा. प्रत्येकापुढे अडीच तास.

"अम्मा, मी तर दोन मिनिटं बोलतो. नंतर तू फोन बंद करत नाहीस?"

"तू करतोस?"

"मोठ्यांचा फोन आपण तोडायचा नाही, तूच शिकवलंस."

"बरोबर शिकवलं. साडेअकरापर्यंत बॅटरी संपते, मग आपोआप बंद होतो."

"पण बटण दाबायला काय झालं?"

सुंदरीबाईंनी उंबऱ्याकडे पाहिलं. या घरातून कुणी निघालं की घोड्याचा जटका मेलवीथी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत दार उघडंच राहायचं. सासूबाई तर चाकांचा आवाज विरल्याशिवाय कडीला हात लावू देत नसत. जाणाऱ्याच्या पाठीवर दार लावायचं नाही, हे त्या नवी नवरी असताना इथेच शिकल्या होत्या. साठ वर्षांत एकदाही चुकल्या नव्हत्या.

"पूर्वी तुझ्या खिशातून स्कूटर सुरू झालेली ऐकू यायची," त्या म्हणाल्या. "ती ऐकली की मी लाल बटण दाबायची. अजूनही तेवढ्यासाठीच कान लावून बसते."

विश्वेशच्या हातातली कॉफी निवत चालली होती.

"महिना झाला, बाळा. तू निघतच नाहीस."