मऊ बाही

शिवणाऱ्या बाईंनी बाही दोन्ही हातांनी ताणली आणि सोडली. ती तशीच लोंबत राहिली, परत आखडली नाही. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा ताणून पाहिली.

"दीड महिन्यात हे असं? अहो, चार-चार महिने काही होत नाही हिला!"

इस्पितळाच्या तळमजल्यावरची ही खोली. भाजून बऱ्या झालेल्यांसाठी ताणाच्या सुती होजिअरीचे घट्ट कपडे इथे शिवतात. पोर स्टुलावर बसली होती. अकरा वर्षांची. उकळत्या पाण्याचं पातेलं उजव्या हातावर आलं होतं. जखम भरली, पण व्रण आता दोरखंडासारखा वर आला होता आणि कोपर अर्ध्यातच अडकलं होतं. डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, आता व्रण कापल्याशिवाय ते सुटायचं नाही.

"कशात धुता?" बाईंनी पोरीच्या आईला विचारलं.

"साध्या साबणात, गार पाण्यात. सावलीत वाळवते. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच."

"मग रडली की काढून ठेवत असाल. ताई, इथे माया कामाची नाही. बाही आवळून धरते म्हणून व्रण दबून राहतो. तुम्ही दया दाखवली की तो डोकं वर काढतो."

"धुण्याआंघोळीपुरती सोडली तर काढली नाही हो! लेकराची शपथ!" आईला रडू फुटलं.

बाप दाराशी उभा होता.

होजिअरीच्या कारखान्यात कापड मऊ करायच्या हौदावर त्याची बावीस वर्षं गेली होती. दुकानात लोक बनियन गालाला लावून बघतात आणि खूश होऊन घेतात, ते मऊपण याच्या हातचं. आणि घरी? घरी रोज सकाळी बाही चढवताना पोर अशी किंचाळायची की शेजारी दाराशी यायचे. त्याच्याने ते ऐकवेना. एका शनिवारी डब्याच्या पिशवीतून तो हौदावरचा बाटलीभर सॉफ्टनर घेऊन आला. रविवारी बायको बाही धुऊन, वाळत घालून बाजारात गेल्यावर कोमट पाण्यात मोजून ओतला, बाही बुडवली, हलक्या हाताने पिळली. सोमवारी हात सुळकन आत गेला. पोर हसली. "बाबा, जादू!" म्हणाली. त्याला आभाळ ठेंगणं झालं. मग दर रविवारी तेच.

बरं, ठाऊक नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. हौदात सॉफ्टनर जास्त पडला की कापड ढिलं पडतं, ताणलं की ताणलेलंच राहतं, पायजम्याच्या गुडघ्यांना फुगे येतात. त्यापायी मुकादमाच्या शिव्या त्याने कमी का खाल्ल्या होत्या? सगळं माहीत होतं मेल्याला! फक्त हौदावरची अक्कल तो हौदावरच ठेवून घरी यायचा.

आता बोलायला हवं होतं. एकच वाक्य. त्याने दोनदा तोंड उघडलं. पण बायको पदराने डोळे पुसत होती, बाई तिला बोल लावत होत्या, आणि त्याची जीभ काही उचलेना. लाज वाटत होती त्याला. मरणाची लाज.

बाईंनी सकाळच्या मापाने शिवलेली नवी बाही काढली. "ऑपरेशन होईपर्यंत ही, नंतरही हीच. आणि ताई, पुन्हा अशी ढिली झालेली आणलीत तर ऑपरेशनसुद्धा पाण्यात जाईल. तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका."

"नाही येणार," आई म्हणाली. काय चुकलं हे न कळताच तिने चूक पदरात घेतली होती.

तिने पोरीचा हात धरला आणि बाही चढवायला घेतली. मनगटाच्या वर जाताच पोर किंचाळली. आईने दात आवळले आणि ओढत राहिली.

पोरीने हुंदका गिळला आणि दाराकडे पाहिलं. तिचा सगळा भरवसा तिथे उभा होता.

"बाबा, हिलापण रविवारी तुमच्या त्या पाण्यात बुडवाल ना?"

आईचे हात थांबले. बाही कोपराखालीच राहिली होती.