अंटार्क्टिकातलं चिलट

"दार उघडू नका!" संशोधक हेमांगी ओरडत टेबलावर चढली.

अंटार्क्टिकाच्या तळावर सात महिन्यांत पहिल्यांदाच चिलट उडत होतं. जेवण सोडून सगळे टाळ्या पिटत होते. "पाहुणा आलाय!" आचारी म्हणाला.

"पाहुणा कसला? याची पिल्लावळ बाहेरच्या शेवाळात शिरली, तर शेवाळ संपलंच समजा!"

चिलट तळप्रमुखांच्या टकलावर बसलं. हेमांगीने फाडकन चापट मारली. चिलट मेलं. हसू कोणालाच आवरेना.

हेमांगी मात्र हसली नाही. "इथे उतरताना आमच्या बुटांची माती ब्रशने घासून काढायला लावलीत, साहेब. मग हे कुठल्या मातीतून आलं?"

साहेबांनी डोकं चोळलं. "आईने दिलेली तुळस आहे खोलीत. कुंडीसकट आणली. रोज पाणी घालतो."

"आज मी घालते," हेमांगी म्हणाली. "उकळतं."