आबांची ड्युटी

कारखान्याच्या गेटवर काशिरामने केळुसकर साहेबांची गाडी एकदाच अडवली होती. "साहेब, कार्ड दाखवा." कार्ड घरी विसरलं होतं. "मला ओळखत नाहीस?" साहेब एवढंच म्हणाले आणि संध्याकाळी काशिरामची नोकरी गेली. आत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्याच्या लेकीने, किशोरीने, डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवलं.

या रविवारी तिने जुन्या सर्व्हरवरची सगळ्यांची खाती क्लाउडवर नेली. आता पासवर्ड टाकला, की नोंदवलेल्या नंबरवर फोन येणार. त्यावर बटण दाबलं, तरच आत प्रवेश. जात्यात मूठमूठ दाणे घालावेत तसे एकेक नंबर तिने जपून घातले.

सोमवारी साहेब केबिनमधून ओरडले, "किशोरी, हे मला आत घेत नाहीये! फोनसुद्धा वाजत नाही!"

"ओळख पटली की घेईल, साहेब. परत करून बघा."

"अगं, हा कारखाना मी चालवतो!"

"ते क्लाउडला कुठे माहीत?"

साहेबांनी पुन्हा पासवर्ड टाकला. किशोरीने खिडकीतून गेटकडे पाहिलं. निघताना ती घरी सांगून आली होती, "आबा, आज तुमची ड्युटी हाय."

तिकडे ओवे गावातल्या घरी, इस्त्रीचा जुना गणवेश घालून ओट्यावर बसलेल्या काशिरामचा फोन वाजला. 'आत सोडायचं असेल तर बटण दाबा,' हे त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कार्ड दाखवल्याशिवाय नाय सोडनार, साहेब," तो म्हणाला, आणि त्याने फोन कापला.