फिकट नारिंगी

“तुम्हीच सांगा, हा माणूस जिवंत वाटतो का?”

गिऱ्हाइकाने फोटो काउंटरवर ठेवला. त्याच्या वडिलांचा होता. चेहरा निळसर, गारठल्यासारखा.

“पुन्हा काढून देतो. घेऊन या त्यांना,” फोटोग्राफर म्हणाला.

“कुठून आणू? गेल्या आठवड्यात गेले ते.”

गिऱ्हाइकाने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण त्याने फोटो पुन्हा पाकिटात घातला आणि निमूट निघून गेला.

अशा तक्रारी हल्ली वाढल्या होत्या. आज मात्र फोटोग्राफरला जेवण गेलं नाही. बायकोही दोन घास खाऊन उठली, पण तिचं अलीकडे रोजच तसं चाललं होतं.

स्टुडिओतल्या फ्लॅशचा उजेड पांढराफटक. त्यावर नारिंगी जिलेटिनचा कागद लावला की चेहऱ्यांना ऊब येते. कागद गडद लावायचा, मध्यम की फिकट, हे तो रोज सकाळी बायकोला स्टुलावर बसवून ठरवायचा. तिच्यावर एकदा लाइट बसला की दिवसभर त्याला हात लावायचा नाही. सगळी हयात हाच शिरस्ता.

“उजेड मोजायला हिच्या चेहऱ्यासारखं मीटर बाजारात मिळत नाही,” असं तो लोकांना सांगे.

“फुकटात पडतं ना, म्हणून कौतुक,” ती म्हणे.

पण काही महिन्यांपासून काहीतरी बिनसलं होतं. गडद कागद लावला की फोटोत ती पिवळीधमक दिसे. म्हणून तो मध्यमवर आला. मग फिकटवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी स्टुलावर बसली.

“हलू नकोस गं.”

“हाताला खाज सुटते हो. साबण बदलायला हवा.”

“अजून पिवळंच येतंय.” त्याने फिकट कागदही काढून टाकला आणि पुन्हा फोटो घेतला. “आता कुठे बरं दिसतंय.”

“मग तोंड का पाडलंत?”

“तो फोटो काढला तेव्हाही मला बरंच दिसलं होतं. आणि त्या बिचाऱ्याच्या बापाचं मढं करून ठेवलं मी.” तो खाली बसला. “माझे डोळे गेले गं. स्टुडिओला कुलूप लावायची वेळ आली.”

“लगेच कुलूप कशाला? मोतीबिंदू असेल. सगळं पिवळट दिसतं म्हणतात त्यात. चला, दाखवून येऊ.”

“आणि नसला तर?”

“तर डोकं तपासून घेऊ. एकाच फेरीत दोन्ही.”

दवाखान्याचा जिना चढताना ती मध्येच पायरीवर टेकली.

“स्टुलावर बसून बसून सवय लागलीय तुला,” तो खेकसला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

डॉक्टरीणबाईंनी अक्षरं वाचून घेतली. रंगीत ठिपके दाखवले. बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले. तो परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम झाला होता. बायको भिंतीशी बाकावर बसून त्याच्याकडे बघत होती.

“मोतीबिंदू नाही,” बाई म्हणाल्या. “रंग तर तुम्ही अगदी नेमके ओळखता. या वयात अशी नजर फार थोड्यांची असते.”

त्याचा जीव भांड्यात पडला. स्टुडिओ राहणार होता.

“ऐकलंस का गं?” तो बायकोकडे वळून म्हणाला. “ठणठणीत आहेत डोळे!”

डॉक्टरीणबाईही तिच्याकडेच बघत होत्या. त्या उठल्या आणि त्यांनी खिडकीचा पडदा सरकवला.

“ताई, तुम्ही जरा इकडे उजेडात या. तुमचे डोळे असे पिवळे कधीपासून आहेत?”