ओव्हरटाइमची वाळू

आमच्या कामशेतच्या घरात दोघांनी फिरायला जायचं म्हटलं, की काका, काकू, आत्या, पोरंटोरं असे अकरा जण जीपमध्ये चढतातच. या शनिवारी मात्र कुणीच कुठं निघालं नव्हतं. पप्पा ओव्हरटाइमला गेले होते आणि आई माहेरी, टाकव्याला.

संध्याकाळी पप्पा आधी आले. बूट काढले तर आतून वाळू सांडली.

"पप्पा, कंपनीत वाळू?"

"अगं, बांधकाम चालूय तिथं."

बांधकामाच्या वाळूत शिंपले असतात होय? ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांचा खिसाच तपासला. आत दीपगृहाचं तिकीट होतं, आजच्याच तारखेचं. व्यक्ती दोन! कोण ही दुसरी? आईला सगळं सांगायचंच, मग घरात काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून मी दारातच बसले.

तासाभराने आई आली.

"मामाकडे कसे आहेत सगळे?"

"मजेत," म्हणत तिने पायरीवर चप्पल झटकली.



"तिन्हीसांजेला कसला झाडू मारतेस गं!" म्हणून काकू आतून ओरडली, तरी आईच्या चपलेतून पायरीवर पडलेली वाळू मी शिंपल्यांसकट लोटून टाकली.