अकरा बत्तीसची चौकट

मशीनचं कापणारं बिट पुन्हा घसरलं. लाकडात खाचा कोरणारा राउटर किंचाळला, रेवतीनं बटण सोडलं आणि भुसा खाली बसायच्या आत खाचेत बोट घातलं. खाच सुरुवातीला एक इंच खोल होती, शेवटाला दीड. सागवानाचा हा दुसरा खांब वाया गेला. आता एकच शिल्लक होता आणि घड्याळात दहा पन्नास झाले होते.

चौकट अर्जुनरावांच्या नव्या घराची. मुहूर्त अकरा बत्तीसचा. ज्या गृहस्थांनी सरकारी कचेरीत तीस वर्षं एकही कागद वेळेवर पुढं सरकू दिला नाही, ते मिनिटाला दोनदा मनगट बघत वर्कशॉपच्या दारात उभे होते. रस्त्यापलीकडे भटजी, नारळ आणि पंधरा नातेवाईक तयारीत होते. चौकटीचा एक खांब रेवतीच्या बाबांनी, उत्तमरावांनी, काल दिवसभर बसून पटाशीनं कोरला होता. तो अर्थातच बिनचूक होता. दुसरा पटाशीनं कोरायचा तर मुहूर्त उद्या घ्यावा लागला असता.

“माही पटाशी चाळीस सालांत कधी घसरली का?” उत्तमराव म्हणाले. पटाशीला ते रोज पहाटे तेल पाजत, शेंदूर लावत. त्यांचं एक बोट त्यापायी कायम नारिंगी असे. “आता एक खांब राह्यला, रेवते. हाही गेला, तं दुपारच्या गाडीनं हे मशीन नांदुऱ्याले वापस.”

“हाव,” रेवती म्हणाली.

मशीन येऊन एकवीस दिवस झाले होते. पहिल्या दिवशी ते लोण्यातून जावं तसं सागवानातून गेलं. दुसऱ्या दिवसापासून बिट घसरायला लागलं, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त. रेवतीनं बिट बदलून पाहिलं, हळू चालवून पाहिलं, थोडं थोडं कापून पाहिलं. बाबा लांबून नुसते बघायचे. त्यांना मनातून गुदगुल्या होत असणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिनं नांदुऱ्याच्या दुकानातल्या आल्हाद मेकॅनिकला फोन लावला.

“ताई, नट कसला का?”

“हात दुखेपर्यंत.”

“बिट पार बुडाले टेकवलं असंन.”

“नाही, दोन सूत वर ठेवलं.”

“मंग ते बिट धरते ना, ते कोलेट काढून आत पाह्यलं का?”

“नव्या मशीनच्या आत काय पाहाचं?”

“पाहा त खरं. तेलाचा थेंब जरी असला, तं ते दांडी धरत नाही.”

रेवतीनं कोलेट काढलं आणि उजेडाकडे धरलं. आत थेंब नव्हता. आत पणतीभर तेल होतं, आणि त्यात कालवलेला कसलासा नारिंगी चिखल. हा कुठून आला, हे विचारायला वेळ नव्हता. तिनं थिनरमध्ये चिंधी बुडवली, कोलेट पुसलं, बिटाची दांडी पुसली, चिंधीचं कोरडं टोक आतून फिरवलं. नट कसला.

“अकरा सहा!” अर्जुनराव दारातून ओरडले.

शेवटचा खांब शिकंज्यात चढला. राउटर सुरू झाला. उत्तमरावांनी डोळे मिटले, त्यांचे ओठ हलायला लागले. बिट घसरावं म्हणून नवस बोलत असतील, असं रेवतीला वाटलं आणि तिनं दात आवळून मशीन पुढं रेटलं. एक खाच झाली. दुसरी झाली. पट्टी लावली. इकडे एक इंच. मध्ये एक इंच. तिकडे एक इंच.

“जमली रे जमली!” अर्जुनराव असे काही ओरडले की पलीकडचे पंधराही नातेवाईक धावत आले. आडव्या फळीचं कुसू, म्हणजे पुढं काढलेलं टोक, खाचेत शिरलं, मोगरीचा एक ठोका, ठक्! पाणी जायला जागा नाही. चौकट खांद्यांवर चढली, रस्ता ओलांडला, एक ट्रक थांबवला, आणि अकरा एकतीसला भटजींच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

नारळ फुटला. उत्तमरावांनी अर्जुनरावांचा दंड धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तुमाले म्हनून सांगतो, साहेब. पोरीपुढं मी कडक बोलतो, पण पटाशीले जे, ते त्या मशीनलेही पाह्यजे ना? एकवीस दिवस झाले, रेवती उठाच्या आधी त्याच्या तोंडात तेल-शेंदूर घालतो. घसरलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट. आज पावलं!”

मागं उभ्या असलेल्या रेवतीनं हातातली नारिंगी चिंधी हळूच खिशात कोंबली.

“पावलं ना, बाबा,” ती म्हणाली. “आता उद्यापासून त्याले कडक उपास.”