बेचाळिसावा

या, जरा पुढे सरकून बसा, मायबापहो. कर्जतकडची एक गोष्ट सांगतो. लहानच आहे, पण कान देऊन ऐका.

पौर्णिमा कशेळ्याला जीपमधून उतरली ती वकिलाची नोटीस पर्समध्ये घेऊनच. तुमच्या ब्लॉगवरचा मजकूर चार दिवसांत काढा, नाहीतर कोर्टात या. आज चौथा दिवस.

मजकूर पानभराचाच. साजगावच्या एका कारखान्यात टाकी साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. बातम्यांच्या मोठ्या वेबसाइटवर मात्र दोनच मेले, कारण कारखान्याच्या पत्रकात दोनच होते. तिसरा कमलेश. तो दुसऱ्याच्या गेटपासवर कामाला जायचा, म्हणून हजेरीत त्याचं नाव नाही. ठेकेदाराने त्याला टेंपोत घालून कशेळ्याला घरी आणून टाकलं आणि गावात सांगितलं, दारू पिऊन रस्त्यात पडला होता. टाकीवरच्या सोबत्यांनी खरं काय ते पौर्णिमाला सांगितलं. तिने लिहिलं.

त्या वेबसाइटमध्ये तिची कॉलेजची मैत्रीण सुप्रिया नोकरीला होती. सकाळीच तिचा फोन आला. "काढून टाक गं बाई! मीपण तीनच लिहिले होते, वरून एक कापला. त्याच पानावर कारखान्याची जाहिरात आहे. आमच्याकडे वकिलांची फौज असून ही गत. तुझ्यामागे कोण उभं राहणार?"

पौर्णिमाच्या मागे भिसेगावातली दहा मुलांची शिकवणी आणि अंथरुणाला खिळलेला बाप, एवढंच.

पण तिचा एक नेम होता. ज्याच्याविषयी लिहायचं, त्याच्या घरी आधी वाचून दाखवायचं. मग पुसायचं, तेही विचारूनच.

कमलेशची आई इंदूबाई ओटीवर वाल निवडत होती. "ये गं बाय. फोन आनलास ना? वाच."

"मावशी, आज वाचायला नाही आले. पुसायला आले." पौर्णिमाने नोटिशीचं सगळं सांगितलं.

इंदूबाईचा हात सुपातच थांबला. "किती जनांनी वाचलं गं?"

पौर्णिमाला सांगायचीही लाज वाटली. सुप्रियाकडे वाचक लाखांनी होते. "एकेचाळीस."

"एकेचाळीस?" म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. "दहाव्याला सातच मानसं आलेली गं. माळ घालून पितो म्हनली गावची, आन कोन फिरकलं नाय. पोरगा माजा कीर्तनात टाळ धरायचा."

पौर्णिमाने फोन काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पुसायचं राहूनच गेलं.

पुढे व्हायचं तेच झालं. कोर्टाच्या मनाई हुकमाने ते पान बंद झालं. आज उघडलंत तर कोरी जागा दिसते. पौर्णिमा तारखांना खेटे घालते, शिकवणीला तीन मुलं उरलीत. मोठ्या वेबसाइटवर मेलेले अजून दोनच आहेत.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. तिसरा कमलेश होता. माळकरी होता, टाळ धरायचा, दारूला त्याने कधी हात लावला नाही. एवढं ध्यानात ठेवा, मायबाप. तुम्ही बेचाळिसावे.